भारत-मेक्सिको संबंधांवर लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस

ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा पहिला मसुदा सावकाश वाचला. १ ऑगस्ट १९५० रोजी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, १९६१ मध्ये पंडित नेहरू मेक्सिकोला गेले, १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लोपेस मातेओस भारतात आले, या साऱ्या नोंदी बिनचूक आहेत. परंतु एवढ्या लांबचे हे दोन देश एकमेकांकडे वळले कशासाठी, याचा उलगडा त्यांतून होत नाही.

सुरुवात दूतावासापूर्वीच्या काळापासून कर. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे परदेशातील भारतीयांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभारलेल्या गदर चळवळीतले क्रांतिकारक. ब्रिटिश राज्यात परतणे अशक्य झालेल्या या माणसाने मेक्सिकोत चापिंगो येथील कृषिविद्यालयात अध्यापन केले, मका आणि गहू यांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या आणि मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तुझ्या मसुद्यात त्यांचे नाव तळटीपेत आहे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

यानंतर गव्हाकडे वळ. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेच्या धान्यावर विसंबावे लागत असताना भारताने १९६६ मध्ये मेक्सिकोतून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे मागवले. आपला उंच गहू खत वाढवले की ओंब्यांच्या भाराने लोळत असे. 'लर्मा रोहो' आणि 'सोनोरा ६४' हे बुटके वाण ताठ उभे राहत. पण त्यांचा दाणा लालसर असल्याने तो लोकांच्या पसंतीस उतरेना, म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून आलेल्या वाणांतूनच फिकट दाण्याचे 'कल्याणसोना' आणि 'सोनालिका' निवडून काढले. खानखोजे १९६७ मध्ये नागपुरात वारले. हा गहू त्यांच्याच कामाचे फळ, असे लिहिण्याचा मोह आपल्याला होणारच, पण तो आवर. ते वाण अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकोतील कार्यक्रमातले होते, आणि खानखोज्यांना मोठे ठरवण्यासाठी उसन्या श्रेयाची गरज नाही.

मेक्सिकोची बाजू तुझ्या लेखनात फार पातळ झाली आहे. १९३० च्या एस्त्रादा सिद्धांतापासून परक्या देशांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे धोरण त्या देशाने मांडले. शेजारी अमेरिकेसारखी महासत्ता असताना हे धोरण का जपावेसे वाटले, ते भारताच्या परराष्ट्र धोरणातील पंचशील तत्त्वांशेजारी ठेवून तपास. अलिप्ततावादी चळवळीत मात्र मेक्सिको सदस्य नव्हे, निरीक्षक राहिला, हा भेद पुसू नकोस. १९८५ च्या दिल्ली घोषणापत्रात अण्वस्त्रस्पर्धा थांबवण्याची मागणी करणाऱ्या सहा देशांत हे दोघेही होते.

मेक्सिकन कवी ओक्ताव्हियो पास १९६२ पासून दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. ऑक्टोबर १९६८ मध्ये मेक्सिको सिटीतील त्लातेलोल्को येथे विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी ते पद सोडले. तू हा प्रसंग दोन देशांमधील तणाव म्हणून मांडला आहेस. तो एका राजदूताचा स्वतःच्या सरकारशी झालेला विरोध होता.

न्हावा-शेवा बंदर तुझ्या घराजवळ आहे म्हणून व्यापाराचे प्रकरण फुगवू नकोस. त्याऐवजी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात १९६६-६८ मधील नियतकालिकांची चौकशी कर आणि मेक्सिकन गव्हाविषयी त्या वेळी मराठीत काय लिहिले गेले ते टिपून घे. गव्हाचे प्रकरण आधी लिहून दिवाळीपूर्वी माझ्याकडे पाठव.

तुझा शुभचिंतक