दोन टाक्यांची पिकअप एका टाकीवर आणताना

प्रश्न : माझी मोसंबीची बाग अंबड तालुक्यात असून माल जालन्याच्या बाजारात नेण्यासाठी मी एक जुनी डिझेल पिकअप विकत घेतली आहे. आधीच्या मालकाने कंपनीच्या टाकीखेरीज चेसिसच्या दुसऱ्या बाजूला पत्र्याची आणखी एक टाकी बसवून घेतली होती आणि त्यासाठी सीटखाली हाताने फिरवायचा कॉक लावला होता. कॉक दुसऱ्या टाकीवर ठेवला की तिच्यातले डिझेल फार लवकर संपते आणि त्याच वेळी कंपनीच्या टाकीच्या झाकणातून डिझेल ओघळते. कधी कधी कॉक फिरवून थोडे अंतर गेल्यावर इंजिन बंद पडते. दुसरी टाकी काढून तिच्या पाइपाला बूच मारले की काम झाले, असे मिस्त्री म्हणतात. ते बरोबर आहे का, आणि ठेवायची झाल्यास कोणती टाकी ठेवावी?
— एक शेतकरी वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : आपल्या गाडीतले डिझेल गळून वाया जात आहे असे नाही, ते एका टाकीतून निघून दुसऱ्या टाकीत साठत आहे. डिझेल इंजिनाचा फीड पंप इंजिनाला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त डिझेल ओढत असतो. त्यातले थोडेच जळते, आणि उरलेले पंपाचे व इंजेक्टरचे वंगण करून, त्यांची उष्णता घेऊन रिटर्न पाइपाने टाकीत परत येते. दोन टाक्यांची मांडणी बिनचूक हवी असेल, तर कॉक फिरताच जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही वाटा एकदम बदलाव्या लागतात. आपल्या गाडीत केवळ सक्शनची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून नेणारी वाट बदलते आणि रिटर्न मात्र कायम कंपनीच्या टाकीलाच जोडलेला आहे, असे आपण लिहिलेल्या लक्षणांवरून स्पष्ट दिसते. म्हणूनच दुसरी टाकी झपाट्याने रिकामी होते आणि पहिली भरून वाहते. हा दोष केवळ गावाकडच्या जोडकामात आढळतो असे नाही. अमेरिकेतील फोर्डच्या एफ मालिकेतील जुन्या पिकअपमध्ये दोन टाक्या कारखान्यातूनच येत असत, आणि परतीचे इंधन चुकीच्या टाकीत जाऊन ती उतू जाण्याची तक्रार तेथेही होती.

त्यामुळे केवळ बूच मारण्याचा सल्ला अपुरा आहे, आणि चुकून रिटर्नच्या पाइपाला बूच बसले तर तो धोक्याचाही आहे. रिटर्नची वाट बंद झाली की परतणाऱ्या डिझेलचा दाब वाढतो, इंजेक्टरवरच्या बारीक नळ्या निसटतात आणि डिझेल तापलेल्या इंजिनावर पडते. टाकी काढण्यापूर्वी दोन्ही टाक्यांना जोडलेल्या चारही गोष्टी, म्हणजे सक्शन, रिटर्न, हवेची नळी आणि गेजची तार, कोठून कोठे जातात हे गाडीखाली शिरून प्रत्यक्ष पाहावे. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. जुन्या गाडीत आधीच्या मिस्त्रीने कोणती नळी कोठे वळवली आहे याचा अंदाज बांधण्यात अर्थ नसतो.

टाकी कंपनीचीच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. तिचा गेज डॅशबोर्डवरील काट्याशी जुळणारा असतो, तिचे ब्रॅकेट चेसिसच्या आखणीतले असतात आणि सायलेन्सरपासून तिचे अंतर विचारपूर्वक ठेवलेले असते. पत्र्याची टाकी नवीकोरी दिसत असली तरी ती जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची असेल, तर डिझेलसाठी ती योग्य नाही. जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टर व इंजेक्टर चोंदवतो. कंपनीची टाकी तळाशी गंजून झिरपत असेल, तर तिच्यावर ठिगळे लावण्यापेक्षा त्याच मॉडेलची चांगली टाकी शोधावी. एका टाकीने भागेल का, ही शंका मनात असेल तर तीही दूर करावी : जालना ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे, आणि गाडीने लिटरला १० किलोमीटर दिले तरी ४० लिटरमध्ये ती ४०० किलोमीटर जाते. दुसऱ्या टाकीतले तेवढेच डिझेल म्हणजे सुमारे ३३ किलो, शिवाय टाकीचे वजन वेगळे. तेवढे वजन मोसंबीच्या क्रेटला मिळालेले बरे.

आता प्रत्यक्ष काम. सीटखालचा कॉक जागेवर ठेवून तो एका बाजूला कायमचा फिरवून ठेवण्याचा मोह होईल. तसे करू नये. जुन्या कॉकमधले रबरी सील झिजलेले असते, आणि तो सक्शनच्या बाजूला असल्यामुळे तेथून डिझेल बाहेर न येता हवा आत ओढली जाते. जमिनीवर एक थेंबही दिसत नाही, पण इंजिन हवा घेते आणि बंद पडते. कॉक फिरवल्यानंतर थोडे अंतर जाऊन आपली गाडी थांबते, याचे कारण बहुधा हेच आहे. कॉक काढून टाकीपासून फीड पंपापर्यंत मध्ये जोड नसलेला एकच पाइप टाकावा. रबरी होज घ्यायचा तर डिझेलसाठीचाच घ्यावा, कारण साधा रबर डिझेलमध्ये फुगतो आणि आतून सुटू लागतो. शंका राहिली, तर फिल्टरच्या अलीकडे तात्पुरती पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू ठेवावे; बुडबुडे सतत येत असतील तर हवा अजून कोठून तरी शिरते आहे असे समजावे.

रिटर्न पाइप ठेवलेल्या टाकीतच, पण सक्शनच्या तोंडापासून दूर सोडलेला असावा, म्हणजे परत आलेले गरम, फेसाळ डिझेल लगेच पुन्हा ओढले जाणार नाही. हवेच्या नळीकडे मात्र बहुतेक जण पाहतच नाहीत. दोन्ही टाक्यांच्या हवेच्या नळ्या टी-जोडाने एकत्र केलेल्या असतील आणि टाकी काढताना तो जोड बंद झाला, तर डिझेल कमी होत जाईल तसतसा टाकीत निर्वात तयार होतो. गाडी अर्धा तास नीट चालते, मग दम सोडते, आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू होते. अशा वेळी झाकण सैल करताच आत हवा शिरल्याचा सूं असा आवाज आला, तर दोष पंपात नसून हवेच्या नळीत आहे, याबद्दल शंका उरत नाही.

गेजसाठी डॅशबोर्डवर वेगळे बटण असेल तर ते काढून कंपनीच्या टाकीची तार थेट मीटरला द्यावी आणि सुटलेल्या तारेचे टोक टेपने नीट बंद करावे. कंपनीची टाकी उतरवलेली असेल, तर फ्लोट (गेजला डिझेलची पातळी कळवणारा तरंगता भाग) बाहेर काढून, त्याचे अर्थिंग चेसिसला जोडून, तो हाताने वरखाली करून पाहावा. काटा रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंत सरळ गेला पाहिजे. टाकी आतून धुण्यासाठी पाणी न वापरता डिझेलच वापरावे, सक्शनच्या तोंडाची जाळी साफ करावी आणि फिल्टर नवा टाकावा.

सगळी जोडणी झाल्यावर हवा काढावी लागेल. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारत राहावे, आणि बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येऊ लागली की प्रायमर मारतानाच स्क्रू घट्ट करावा. तांब्याचे वॉशर प्रत्येक ठिकाणी नवे घालावेत. इंजेक्टरच्या नळीचे नट सैल करून हवा काढण्याची जुनी पद्धत कॉमन रेल इंजिनावर (ज्यात एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरना अतिशय उच्च दाबाने डिझेल मिळते) मुळीच वापरू नये, कारण त्या दाबाची धार कातडीच्या आत शिरते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार गाडीची मूळ रचना मालकाला परस्पर बदलता येत नाही. आपण आधीच्या मालकाने केलेली भर काढून गाडी मूळ रूपात आणत आहात, तरीही आरसीवर काही नोंद असेल तर जालना आरटीओत विचारून मगच काम करावे. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी होते. त्या तपासणीपूर्वी रिकामी टाकी आणि तिचे पट्टे, ब्रॅकेट काढून टाकलेले असावेत.

प्रश्न : अशीच काढलेली जादा टाकी माझ्याकडे पडून आहे. तिला खाली नळ वेल्डिंग करून ट्रॅक्टरचे डिझेल साठवता येईल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : त्या टाकीला वेल्डिंग करू नये. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या डिझेलचा ज्वलनांक (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, फ्लॅश पॉइंट) किमान ३५ अंश सेल्सिअस असावा असे मानक आहे, आणि मे महिन्यात परभणीचे तापमान त्याहून कितीतरी वर जाते. म्हणजेच उन्हात पडलेल्या रिकाम्या टाकीत ठिणगीने पेट घेईल एवढी वाफ सहज असू शकते, आणि पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची ठरते ती याच कारणाने. ती पाण्याने धुतल्यावर सुरक्षित होते हा समज चुकीचा आहे. शिवणीत अडकलेले डिझेल वेल्डिंगच्या उष्णतेने पुन्हा वाफ होऊन बाहेर येते. टाकी जस्ताच्या पत्र्याची असेल तर ती साठवणीसाठीही नको. ती भंगारात देताना तिच्यात डिझेल होते हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे, म्हणजे तो ती गॅस कटरने कापायला घेणार नाही.