‘ढोलाला घाबरला आणि अडखळायला लागला’

“डॉक्टरांना सांगून जिभेची दोरी कापून घ्यायची का?” आजींनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. नातू साडेचार वर्षांचा, घडाघडा बोलणारा. गणपतीत ढोलाला घाबरला आणि तेव्हापासून अडखळतो, असं घरच्यांचं म्हणणं. वेखंड चाटवून झालं होतं. आईला निराळीच रुखरुख, आपण नोकरी करतो म्हणून तर नाही ना?

मुलगा गाड्यांशी खेळत होता. “म-म-माझी” इथवर ठीक चाललं. “क्रेन” म्हणताना मात्र आवाजच फुटेना. मान ताणली, डोळे मिटले. “हळू बोल, श्वास घे,” तिघंही एका दमात म्हणाले. त्याने गाडी खाली ठेवली आणि बोटानंच दाखवली.

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान, वाक्यं लांबायला लागतात तेव्हा सुरू होतो. मूळ मेंदूच्या जडणघडणीत असतं आणि बरेचदा आनुवंशिकही. ढोल, दोरी, आईची नोकरी, यातलं काहीच कारण नाही. सुमारे 5 टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात आणि त्यातली बहुतेक आपोआप सुधारतात. मग नुसती वाट पाहायची? इथे मला ते पटेना. मुलग्यांमध्ये तोतरेपणा टिकून राहण्याची शक्यता जास्त. शिवाय घरात आणखी कुणी, असं विचारल्यावर बाबा गप्प झाले. ते आजही रिक्षावाल्याला ‘पिंपरी’ म्हणायचं टाळून “सरळ घ्या” म्हणतात.

मी त्यांना स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. सिडनीत तयार झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत उपचार मुख्यतः आईबाबाच करतात, तेही थेरपिस्टच्या देखरेखीखाली. रोज थोडा वेळ खेळता खेळता गप्पा मारायच्या, न अडखळता आलेल्या वाक्याला दाद द्यायची. आजींना एकच काम दिलं, त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यायचं.

“मग बडबडगीतं कशी धडाधड म्हणतो? मुद्दामच करत असणार!” आजी. मुद्दाम नव्हे. चाल आणि ताल आयते मिळाले की बहुतेकांचं अडखळणं थांबतं. म्हणून गॅदरिंगमधून त्याला वगळू नका, असं बालवाडीच्या बाईंनाही कळवायला सांगितलं.

आता त्याचं अडखळणं बरंच कमी झालंय. घरात पाहुण्यांची गर्दी झाली की थोडं वाढतं. बाबांनीही थेरपी सुरू केली आहे. मोठ्या वयात ते पूर्ण जाईलच असं नाही, पण शब्द सैलपणे सुरू करणं आणि न टाळता बोलणं नक्की शिकता येतं. फोन मात्र ते अजून बायकोलाच करायला लावतात.