ग्रीक तारकासमूहांच्या कथांवर मेसोपोटेमियाचा प्रभाव खरंच होता, की नुसतं साम्य?

होता. पण 'कथांवर' म्हटलं की तिथेच गफलत होते. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) बॅबिलोनकडून आली ती मुख्यतः चित्रं. गोष्टी ग्रीकांनी घरी रचल्या, काही तर अगदी ओढूनताणून.

मकर रासच घ्या. पुढून बकरा, मागून मासा. तिथले तारे इतके मंद की त्यांत ना बकरा दिसत ना मासा. मग दोन समाजांना नेमका हाच प्राणी तिथे आपापला सुचला म्हणायचं? मेसोपोटेमियातल्या जुन्या सुमेरी भाषेतलं नाव सुहुर-माश: सुहुर म्हणजे मासा, माश म्हणजे बकरा. हे जलदेव एआचं चिन्ह. लूव्रमधल्या मेली-शिपाक राजाच्या सीमाशिळेवर (इ.स.पू. १२वं शतक) ते कोरलेलं आहे, आणि 'मुल-अपिन' या बॅबिलोनी तारायादीतही हा बकरामासा आहे. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या आकाशात मात्र कृत्तिका, ओरायन (आपलं मृग), व्याध, अस्वल (आपले सप्तर्षी) अशी मोजकीच मंडळी. मकराचा पत्ता नाही.

चित्र ग्रीसमध्ये पोचलं आणि शेपटीचं काय करायचं हा प्रश्न पडला. एक उत्तर: देवांचा राजा झ्यूस याच्यासोबत वाढलेल्या एगिपान या बकरादेवाला समुद्रात शंख सापडला, त्याच्या आवाजाने देवांचे शत्रू टायटन पळाले, म्हणून खालचं अंग माशाचं. दुसरं: टायफॉन राक्षसाला घाबरून पॅन या बकऱ्याच्या पायांच्या देवाने नदीत उडी घेतली, बुडालेला भाग मासा झाला. एका शेपटीला दोन सबबी! गोष्ट आधी असती तर शेपटीचा खुलासा करत बसावं लागलं नसतं.

बाकीच्या राशीही अशाच तपासा: तारे तेच आहेत का, चित्र विचित्र आहे का, जुन्या ग्रीक काव्यात ते येतं का. मीनेच्या कथेत प्रेमदेवी अ‍ॅफ्रोडाइटी आणि तिचा मुलगा इरॉस टायफॉनपासून पळून ज्या नदीत शिरतात ती युफ्रेटिस, म्हणजे मेसोपोटेमियाचीच नदी. पत्ता कथेतच राहून गेलाय. आपली चित्रा बॅबिलोनमध्ये शाला देवीच्या हातातलं कणीस, ग्रीकांतही कणीसच. मघेचा ठळक तारा तिकडे 'राजा', इकडे 'छोटा राजा'. तुळेला ग्रीक विंचवाच्या पुढच्या नांग्या (चिमटे) म्हणत. मुल-अपिनमध्येही तराजूला 'विंचवाचं शिंग' हे दुसरं नाव आहे.

सगळंच उसनं नाही, हेही सांगतो. ओरायनची शिकार, कॅलिस्टो या अप्सरेचं अस्वल होणं या गोष्टी ग्रीकांच्याच. मेसोपोटेमियाच्या महाकाव्याचा नायक गिल्गमेश म्हणजेच ओरायन असं ठोकून देणाऱ्यांकडे मातीच्या पाटीवरचा लेखी पुरावा मागा.

आणि 'बारा राशी मूळच्या आपल्याच' हा वाद इथेही कुणीतरी काढेलच. त्यांनी वराहमिहिराचं बृहज्जातक हा जुना संस्कृत ज्योतिषग्रंथ उघडावा. पहिल्याच अध्यायात मकरेला 'आकोकेर' म्हटलंय. ते ग्रीक आयगोकेरोस, म्हणजे बकऱ्याच्या शिंगांचा. तिथेच 'मकरो मृगास्यः' असंही आहे, मगरीला हरणाचं तोंड. बकरा गेला, मासा गेला, जोडकाम मात्र तसंच राहिलं.