नाशिकमध्ये राहून जुनी सुपरहिरो पॉप आर्ट कशी जमवावी? अस्सल-नकली कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की बजेट बेताचं आहे, नाशिकबाहेर फार फिरणं जमत नाही आणि ऑनलाइन ‘विंटेज सुपरमॅन’, ‘विंटेज बॅटमॅन’ म्हणून जी पोस्टरं दिसतात ती घ्यावीत का. माझं सरळ उत्तर: नका घेऊ. तेवढ्याच पैशांत जुनी इंद्रजाल कॉमिक्स शोधा.

मी नाशिकरोडला ऑफसेट छपाईच्या धंद्यात आहे आणि जुनी छापील चित्रं जमवायचा नाद मला कित्येक वर्षांपासून आहे. त्यामुळे चित्रात कोण आहे हे बघायच्या आधी माझी नजर शाईवर आणि कागदावर जाते. संग्रह करणाऱ्याला हीच नजर लागते, असं माझं ठाम मत आहे.

इंद्रजाल का, ते सांगतो. पॉप आर्ट म्हणजे जाहिराती, कॉमिक्स अशा रोजच्या छापील गोष्टींवरून काढलेली चित्रं; अँडी वॉरहॉल आणि रॉय लिक्टेनस्टाइन हे त्यातले दोन मोठे अमेरिकी चित्रकार. 1961 साली न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर या दुकानाच्या काचेआड अँडी वॉरहॉलची काही चित्रं लागली, त्यात एक सुपरमॅन होता. रॉय लिक्टेनस्टाइनचं 1963 चं ‘व्हाम!’ आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्याचं मूळ मात्र 1962 मधल्या डीसीच्या (सुपरमॅन-बॅटमॅन छापणारी अमेरिकी कंपनी) एका युद्धकथांच्या कॉमिकमध्ये सापडतं, आणि ती चौकट काढली होती आयर्व्ह नोविक यांनी. म्हणजे हे मोठे चित्रकार ज्याच्याकडे बघून चित्रं काढत होते, ते स्वस्त कागदावर छापलेलं, पोरांच्या हातात फाटणारं कॉमिक होतं. त्यातले छपाईचे ठिपकेसुद्धा लिक्टेनस्टाइनने मोठे करून कॅनव्हासवर आणले. मग वारं उलटंही वाहिलं: 1965 मध्ये काही महिने मार्व्हल या दुसऱ्या अमेरिकी कॉमिक्स कंपनीने आपल्या मुखपृष्ठांवर ‘पॉप आर्ट प्रॉडक्शन्स’ असं छापलं आणि जानेवारी 1966 मध्ये बॅटमॅनची टीव्ही मालिका सुरू झाली, तिच्यातल्या हाणामारीत ‘पॉव’, ‘झॅप’ अशी अक्षरं पडदाभर उमटायची. वॉरहॉलच्या 1981 च्या ‘मिथ्स’ मालिकेतला सुपरमॅन सहीसकट 200 प्रतींच्या आवृत्तीत निघाला. ती वाट श्रीमंतांची. पण त्या सगळ्याच्या मुळाशी असलेली वस्तू, म्हणजे त्या काळातलं छापील कॉमिक, आपल्या आवाक्यात आहे.

आणि ते आपल्याकडेही छापलं जात होतं. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल ही कॉमिक्सची मालिका सुरू केली ती वेताळापासून, म्हणजे फँटमपासून. पुढे मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला आणि 1990 मध्ये प्रकाशन थांबलं. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवलेली आहेत आणि त्या अंकांच्या मागच्या बाजूला चक्क पोस्टर असायचं. तुम्हाला भिंतीवर लावण्याजोगं काही हवं असेल तर तेच शोधा. गोविंद यांचं काम मला परदेशी मुखपृष्ठांच्या तोडीस तोड वाटतं, आणि त्यांचं नाव आपल्याकडे फार थोड्या लोकांना माहीत आहे याचं वाईट वाटतं. प्रताप मुळीक यांचंही तसंच. अमिताभ बच्चनला ‘सुप्रीमो’ करणारी 80 च्या दशकातली कॉमिक्स त्यांनी काढली, नागराज या भारतीय सुपरहिरोचे सुरुवातीचे अनेक अंकही त्यांचेच. मराठी माणसाने सुपरहिरोंचा संग्रह करावा आणि त्यात मुळीक नसावेत, हे मला पटत नाही.

आता अस्सल-नकली. दहापट मोठं दाखवणारा लूप, म्हणजे छोटं भिंग घ्या, छपाईचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. जुन्या अंकाच्या आतल्या पानावर वेताळाच्या गालावर तो ठेवा. ओळीत बसलेले लाल ठिपके दिसतील. डोळ्यांभोवतीची काळी रेघ मात्र ठिपक्यांची नसते, ती एकसंध काळ्या शाईची असते. रजिस्टर, म्हणजे एकावर एक छापलेल्या रंगांची जुळणी, हललेलं असेल तर ओठाचा लाल रंग रेघेबाहेर गेलेला दिसेल आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच कोरी चीर राहिलेली असेल. ते बघताना मला आजही आनंद होतो, कारण त्या दिवशी मशिनवर नेमकं काय झालं ते कळतं.

नकली प्रत म्हणजे बहुतेक वेळा जुन्या अंकाचा स्कॅन. त्यात काळी रेघसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली असते, नाहीतर इंकजेटचे विखुरलेले कण दिसतात. पण सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे पानाचा समास, आणि तिथे कुणी बघतच नाही. खऱ्या जुन्या पानाचा समास पिवळा पडलेला असला तरी तिथे शाई नसते, नुसते कागदाचे तंतू दिसतात. स्कॅनमध्ये तो पिवळेपणाही छापावा लागतो, म्हणून समासात लूपखाली ठिपके सापडतात. सापडले की प्रत परत द्या, पुढे बोलायची गरज नाही.

कागदही बोलतो. न्यूजप्रिंटमधल्या, म्हणजे वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदातल्या, लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो कडेकडून आत तपकिरी होत जातो. सगळं पान एकसारखं तपकिरी असेल तर संशय घ्या. पिना गंजलेल्या असतील तर गंजाचा डाग शेजारच्या पानावरही उतरलेला हवा.

मुखपृष्ठावर बॉलपेनने कुणाचं नाव असेल किंवा भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयाचा शिक्का असेल, तर मी ती प्रत आवडीने घेतो आणि किंमतही थोडी खाली येते. मधलं पान नसेल तर मात्र नाही. विकत घेण्याआधी तिथेच पानं मोजा, विक्रेत्याला राग आला तरी चालेल.

कुठे शोधायचं? गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात चक्कर मारत राहा, पण खरा माल रद्दीवाल्यांकडे येतो. पंचवटीतले, जुन्या नाशकातले वाडे पाडायला काढले की माळे रिकामे होतात. देवळाली कॅम्पमध्ये लष्करातल्यांच्या बदल्या झाल्या की इंग्रजी कॉमिक्स रद्दीत जातात. दिवाळीच्या आवराआवरीआधी चार-पाच रद्दीवाल्यांना भेटा, वजनापेक्षा बरा भाव देईन म्हणून सांगा आणि फोन नंबर देऊन या. घासाघीस करू नका. एकदा चांगला भाव दिलात तर पुढचा गठ्ठा तो आधी तुम्हालाच दाखवेल.

नाशिककरांना आणखी एक गोष्ट सहज मिळू शकते. प्रतिभूती मुद्रणालय (टपाल तिकिटं, मुद्रांक छापणारा सरकारी छापखाना) इथे 1925 पासून आहे, नोटांचा छापखाना 1928 पासून. तिथून निवृत्त झालेला कुणी ना कुणी तुमच्या ओळखीत, निदान ओळखीच्या ओळखीत निघेलच. आयुष्यभर छपाईतले बारीक दोष शोधलेला माणूस तुमच्याबरोबर अर्धा तास बसला, तर शंभर व्हिडिओंनी जे कळणार नाही ते कळेल.

जपण्याबद्दल: आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल आणि कसर हे दोन शत्रू. सेलोटेप कधीही लावू नका आणि लॅमिनेशन तर नकोच, त्यानंतर ती वस्तू कायमची गेली असं समजा. पॉलिस्टरचं पारदर्शक पाकीट, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. रद्दीतून आणलेला गठ्ठा थेट जुन्या संग्रहात ठेवू नका. घट्ट बंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, मग पिशवी न उघडता एक दिवस बाहेर राहू द्या, नाहीतर पानांवर पाणी सुटतं. पोस्टर फ्रेम करायचं असेल तर काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा आणि थेट ऊन येणारी भिंत टाळा. लाल आणि पिवळा रंग आधी उडतो.

सुरुवातीला 70-80 च्या दशकातला, मुखपृष्ठ सुटलेला पण पानं पूर्ण असलेला एखादा स्वस्त मराठी अंक घ्या. तो मनसोक्त हाताळा, समास बघा, ठिपके बघा. पहिल्या वर्षांतला, बी. गोविंद यांच्या मुखपृष्ठाचा महागडा अंक त्यानंतरच.