प्लगिनचा सेल संपत आलाय, घेऊ की थांबू?

प्रश्न: नमस्कार दादा, फोंड्याला आमचा घुमट (मातीच्या मडक्याचं तालवाद्य) आरतीचा ग्रूप आहे, रेकॉर्डिंग घरीच कॉम्प्युटरवर करतो. एका कॉम्प्रेसर प्लगिनवर (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, हे आवाजातला लहान-मोठेपणा आवरतं) १४९ डॉलर काट मारून २९ लिहिलंय, खाली टायमर पळतोय. चतुर्थीआधी हवाय, लगेच घेऊ का?

उत्तर: टायमरला अजिबात घाबरू नका. सॉफ्टवेअरची अजून एक कॉपी विकायला कंपनीला जवळपास काहीच खर्च येत नाही, म्हणून एवढी सूट परवडते आणि काट मारलेल्या किमतीला फार कमी लोक घेतात. वेव्हज कंपनीचे कितीतरी प्लगिन २९.९९ डॉलरच्या आसपास सारखे दिसत असतात, तीच खरी किंमत समजा. उलट वल्हाला कंपनीचे बहुतेक रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारे प्लगिन) ५० डॉलर, ते सेल लावतच नाहीत, मला हा हिशोब जास्त आवडतो. फॅबफिल्टर कंपनीचा प्लगिन हवा असेल तर मात्र नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेच्या सेलपर्यंत थांबा. आणि २९ म्हणजे २९ नाही हां, त्यावर १८ टक्के जीएसटी, वर बँकेचा परकीय चलनाचा चार्ज, ते धरून दोन-तीन दुकानांत भाव बघा.

पण पैसे भरायच्या आधी डेमो उतरवून घुमटाच्या रेकॉर्डिंगवर लावा. अटॅक (कॉम्प्रेसर आवाज दाबायला किती वेळ घेतो ते) एकदम फास्ट ठेवला तर थापेचा ठोकाच दबतो, २०-३० मिलिसेकंद देऊन ऐका, थाप सुटून येते की नाही. हेच रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या रीआकॉम्प या कॉम्प्रेसरवर पण करून बघा, तिथे जमलं तर या चतुर्थीला काही विकत घेऊच नका, ते पैसे चांगल्या माइकला ठेवा.