पदवी मिळाली आणि मग ‘तयारी’ सुरू झाली

प्रश्न असा आहे: “पदवी घेतल्यावर तुमच्या आयुष्यात नेमकं काय बदललं? समाजाकडे बघण्याची नजर बदलली का? (मी शेवटच्या वर्षाला आहे, पुढे पुण्याला जायचं म्हणतोय.)”

कंसातलं वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंय, पण खरी गोम तिथंच दिसते. म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी 2018 साली बीएस्सी झालो, रसायनशास्त्र घेऊन. विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ, गाव परभणी जिल्ह्यातलं. घरी चार एकर. बहुतेक सोयाबीन, त्यातच तुरीच्या ओळी. निकाल लागला त्या संध्याकाळी अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. त्याच आठवड्यात पेरणीची गडबड होती. मी खताचं पोतं उचलायला गेलो तर आईनं हात धरला. “राहू दे. तू आता कशाला?” मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं. पदवीनं माझ्यात केलेला पहिला बदल म्हणाल तर तो हाच. येत असलेलं काम हातातून गेलं आणि त्या जागी दुसरं यायला चार-पाच वर्षं लागली.

या मधल्या काळाला आपल्याकडे एक इभ्रतदार नाव आहे: तयारी. “सध्या काय चाललंय?” “तयारी करतोय.” विषय संपला. कसली, किती दिवस, असं कुणी विचारत नाही. लग्नाच्या बायोडाटावरसुद्धा ‘एमपीएससीची तयारी’ ही ओळ 2019 पर्यंत बऱ्यापैकी चालायची.

तर गेलो पुण्याला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. एका खोलीत पाच जण, सामान कॉटखाली. अभ्यासिका वेगळी, मेस वेगळी, टेस्ट सिरीज वेगळी. महिन्याला आठ-साडेआठ हजार लागायचे. अण्णा दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पाठवायचे. ते कुठून येतात हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आडत्याकडची उचल बाहेर आली असती, आणि मग अभ्यास झाला नसता. म्हणजे विचारलं नाही ते माझ्याच सोयीचं होतं.

पेठेत सगळे एकमेकांना ‘सर’ म्हणतात. माझ्यासारखाच उधारीवर मेसचा डबा घेणारा मुलगा मला “सर, पॉलिटीच्या नोट्स आहेत का?” असं विचारायचा. सुरुवातीला हसू यायचं, नंतर सवय झाली आणि त्याच्यापुढे जाऊन ते गोड लागायला लागलं. गावाकडे तोवर ‘साहेब’ झालोच होतो. दिवाळीला एसटीतून उतरलो की पारावरून हाक यायची, “काय साहेब, कवा लागतोय निकाल?” पहिल्या दिवाळीला त्या हाकेत माया होती. तिसऱ्या दिवाळीला शब्द तेच होते, पण मी लांबच्या रस्त्यानं घरी गेलो.

परीक्षेचं म्हणाल, तर एमपीएससीच्या राज्यसेवेची जी पूर्व परीक्षा 5 एप्रिल 2020 ला व्हायची होती, ती कोविड आणि बाकीच्या कारणांनी पुढे पुढे जात 14 मार्च 2021 वर आली. 11 मार्चला, म्हणजे फक्त तीन दिवस आधी, ती पुन्हा पुढे ढकलल्याचं पत्रक निघालं. त्या दिवशी नवी पेठेत मुलं रस्त्यावर बसली. मीही बसलो होतो. शेवटी 21 मार्चला पेपर झाला. जागा 200 आणि बसणारी मुलं अडीच लाखांच्या पुढे. राग रास्तच होता, आजही तो मला चुकीचा वाटत नाही. पण त्या रात्री खोलीवर आल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. तारीख पुढे गेली म्हणून मी ओरडत होतो खरा, पण आतून थोडं हायसंही वाटलं होतं. आणखी थोडे दिवस कुणी निकाल विचारणार नव्हतं.

हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं.

खुल्या प्रवर्गाला वयाची अट 38 आणि मागासवर्गीयांना 43. ही सवलत उशिरा शिकायला मिळालेल्यांसाठी गरजेची आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्यासारख्याला तिचा दुसराही उपयोग झाला. “अजून वय आहे की” हे वाक्य कायम हाताशी राहिलं. थांब असं सांगणारी तारीख बाहेरून येतच नाही, आपल्यालाच ठरवावी लागते. मी ती ठरवली 2022 मध्ये, तीसुद्धा हिशेब करून नव्हे. कंबाइनचा, म्हणजे एमपीएससीच्याच संयुक्त परीक्षेचा, कट ऑफ लागला, दोन मार्कांनी गेलो आणि त्याच रात्री अण्णांचा फोन आला. निकालाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. म्हणाले, “सोयाबीन भिजलं रे.” मी बॅग भरली.

नंतर कधीतरी कागद घेऊन बसलो तेव्हा पुण्याचा खर्च साडेतीन लाखांच्या आसपास भरला.

आता समाजाचं. खरं सांगायचं तर समाज म्हणजे काय हे मला पदवीच्या अभ्यासात कळलं नाही, आणि पेठेत समाजसुधारकांच्या नोट्स पाठ करतानाही नाही. ते कळलं एका आठ बाय दहाच्या दुकानात. गावातल्या ओळखीच्या माणसाचं आपले सरकार सेवा केंद्र आहे. त्याला टायपिंग येणारा आणि जीआर, म्हणजे शासन निर्णय, वाचून समजणारा कुणीतरी हवा होता. पहिले दोन महिने मी दाराकडे पाठ करून बसायचो, रस्त्यावरून जाणाऱ्यानं ओळखू नये म्हणून. ज्या मुलाच्या निकालाचे पेढे खाल्ले, तो आता उत्पन्नाचे दाखले काढून देतो! लोकांना त्याचं काही नव्हतं. त्यांना दाखला हवा होता. लाज माझीच होती, पदवीबरोबर आलेली.

मग जुलै 2024 आला आणि लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. महिना 1500 रुपये, वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. सकाळी सातला शटर उघडायच्या आधी बाया पायरीवर बसलेल्या असायच्या. त्या दोन महिन्यांत मी जेवढं गाव बघितलं, तेवढं आधीच्या पंचवीस वर्षांत बघितलं नव्हतं.

एक एक बाई म्हणजे दोन-तीन नावं. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच, कारण लग्नात नाव बदललेलं. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या शाळेत, आणि माहेर सत्तर किलोमीटरवर. साठीच्या एका आजींना नवऱ्याचं नाव विचारलं तर सांगेनात, शेजारणीला म्हणाल्या, “तू सांग गं.” शेवटी पदर तोंडाला लावून त्यांनी चक्क उखाणा घेतला, आणि सगळं दुकान हसलं. मी तो ऐकून रकाना भरला.

पण खरी गंमत, गंमत कसली म्हणा, ओटीपीची. अर्ज बाईचा, पैसे बाईचे, पण आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा नाहीतर पोराचा. पोरगा चाकणला कंपनीत, कंत्राटावर. त्याची शिफ्ट चालू, फोन लॉकरमध्ये. आई माझ्यासमोर बसलेली, दर पाच मिनिटांनी विचारणार, “आला का रे आकडा?” दहा मिनिटांत ओटीपी बाद होतो, की पुन्हा पहिल्यापासून. सर्व्हर पडला की सगळ्याच बसून. बायकांच्या हातात पैसा गेला की घर बदलतं वगैरे निबंधात लिहिलं होतं मी. तो पैसा एका सहा आकड्यांवर अडतो आणि ते आकडे दुसऱ्याच्या खिशात असतात, हे कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.

योजना चांगली की वाईट, मतांसाठी की मनापासून, यावर इथं भरपूर भांडणं झालेली आहेत, मी त्यात पडत नाही. एवढं बघितलंय की पहिला हप्ता ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या आधी, जमा झाला तेव्हा बऱ्याच जणी फक्त पासबुक भरून घ्यायला आल्या होत्या. छापलेला आकडा बघायचा होता.

मध्यंतरी एक आकडा वाचला तो सांगतो. 2024 च्या इंडिया एम्प्लॉयमेंट रिपोर्टनुसार 2022 मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. लोक याचा अर्थ “शिकून उपयोग नाही” असा लावतात. मला तो तसा दिसत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याला बेरोजगार राहणं परवडतच नाही, मिळेल ते काम तो सकाळी धरतो. पदवीधर थांबू शकतो, कारण त्याच्या थांबण्याचे पैसे घरात दुसरं कुणीतरी भरत असतं. माझे अण्णांनी भरले, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

लग्नाचं थोडक्यात उरकतो, कारण तो विषय निघाला की माझं डोकं फिरतं. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. टीव्हीवर लोक हसले. आमच्या गावात कुणी हसलं नाही, पस्तिशीची आठ-दहा मुलं तशीच बसलेली आहेत. पण शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलींना नावं ठेवतात, ते मला पटत नाही. आईला लहानपणापासून शेतात राबताना बघितलेल्या मुलीनं नको म्हटलं तर ती कशी चुकली? आणि आपल्याच पोराच्या हातातलं पोतं काढून घेणाऱ्या गावानं तिला बोल लावावा हे तर अतिच झालं.

आता ताईचं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दहावीला तिला माझ्यापेक्षा नऊ टक्के जास्त होते. बारावी झाली आणि विसाव्या वर्षी लग्न झालं, “दोघांचं शिक्षण झेपायचं नाही” म्हणून. तेव्हा हे कुणालाच वावगं वाटलं नाही, मलाही नाही. साडेतीन लाखांचा कागद मांडला होता ना, त्यात ताईचा रकाना नव्हता. तो मी नंतर जोडला. रक्कम काय लिहायची ते सुचलं नाही.

तर तुमच्या कंसाबद्दल. पुण्याला जायचं तर जा. मी गेलो याचं वाईट वाटत नाही. अर्ज वाचायची, चार ओळखीपाळखी नसलेल्या माणसांत राहायची सवय तिथंच लागली. पण जायच्या आधी परत यायची तारीख वहीत लिहा आणि ती घरच्यांना दाखवा. महिन्याला किती लागणार तो खरा आकडा सांगा, आणि ते कुठून येणार हे विचाराच. ऐकायला त्रास होईल, होऊ द्या. घरात बहीण असेल तर तिचं पुढे काय ठरलंय हेही त्याच बैठकीत विचारा. आणि सुट्टीत गावी आलात की पोतं उचला, आई नको म्हणाली तरी.

गेल्या महिन्यात ताई आली होती. तिला मुक्त विद्यापीठातून बीए करायचंय, तिची धाकटी आता पहिलीत जाते. मी अर्ज भरायला घेतला. प्रवेशासाठी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा नंबर, लागतो आणि त्याला आधारचा ओटीपी. तो गेला दाजींच्या मोबाइलवर. दाजी तुरीला पाणी द्यायला शेतात, रेंज येऊन-जाऊन. ताईनं तीनदा फोन लावला, मग मोबाइल मांडीवर ठेवून माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. आम्ही चहा मागवला आणि थांबलो.