शल्य म्हणजे चाकू नव्हे!

प्रश्न असा: 'सबम्युकोसल डिसेक्शन'ला, म्हणजे जठराच्या आतल्या (श्लेष्मल) अस्तराखालून गाठ सोडवण्याला, 'उपश्लेष्मल विच्छेदन' म्हणावं की 'अधःश्लेष्मल'? आणि 'शल्यक्रिया' नि 'शस्त्रक्रिया' एकच ना?

अधःश्लेष्मल. 'सब' दिसला की 'उप' चिकटवायचा, ही परिभाषाकारांची जुनी खोड. उपनदी नदीखालून वाहत नाही आणि उपाध्यक्ष अध्यक्षांच्या खुर्चीखाली बसत नाहीत. इथे तर सगळी मदार 'खाली'वरच आहे. जठराच्या अस्तराखाली सुईनं द्रव सोडतात, बहुधा निळा रंग मिसळून. अस्तर फोडासारखं टरारून वर येतं, मग त्या फुगलेल्या थरातून, खालच्या स्नायूला धक्का न लावता, विजेच्या सुरीनं गाठ अलगद सोडवतात. 'विच्छेदन' मात्र नको, त्याला शवागाराचा वास येतो.

आता दुसरा भाग. 'शल्य म्हणजे धारदार हत्यार' हे व्याख्यानांतून ऐकून कान किटले. अहो, शस्त्र वैद्याच्या हातात असतं, शल्य रोग्याच्या अंगात! रुतलेलं बाणाचं टोक, काटा, कुसळ. सुश्रुतसंहितेत तर गवत, लाकूड, दगड, लोखंड, हाड, केस, नख, पू, अडकलेला गर्भ, सगळं शल्यात जमा. ते उपसून काढायचं शास्त्र म्हणजे शल्यतंत्र. तिथल्या 8 शस्त्रकर्मांत 'एष्य', म्हणजे आत चाचपून शोधणं, आणि 'आहार्य', म्हणजे ओढून काढणं, ही दोन वेगळी मोजली आहेत.

आणि हेच शल्य आपण रोज बोलतो! शल्य, प्राकृतात सल्ल, मराठीत सल. 'सळ' का झालं नाही? कारण संस्कृतातला स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो, जोडीचा ल्ल मात्र ल राहतो. काल (वेळ) याचा काळ झाला. कल्य, कल्ल यावरून आलेला आपला 'काल' (आजच्या आधीचा दिवस) तसाच राहिला. मनात सलतं ते वरून दिसत नाही, ही खूण दोन हजार वर्षांत पुसली नाही.

कर्णाचा सारथी शल्य आठवा. त्याच्याच रथात बसून त्याला टोचत राहणारा. हे नाव योगायोगानं पडलं असं सांगणाऱ्या पंडितांचं मी ऐकणार नाही.

तेव्हा वर काहीच न दिसता आतून काढून घेण्याला शल्यक्रियाच म्हणा. आणि 'अधःश्लेष्मल'मधला विसर्ग खाऊ नका.